पासवर्डापाशी अडलेला वर्ग

पत्र असं आहे : बेळगावहून खानापूरकडे जाताना लागणाऱ्या एका लहान कम्युनिटी कॉलेजात एक प्राध्यापिका ऑनलाइन विभाग एकट्यानं सांभाळतात. पदविकेचे तीन वर्ग आहेत, मिळून १२८ विद्यार्थी. कुणी मच्छे-उद्यमबागच्या कारखान्यांत कामाला जातं, कुणी घरची शेती बघतं, बऱ्याचजणी संसार सांभाळून शिकतायत. दोन वर्षांपूर्वी कॉलेजनं मूडल, म्हणजे अभ्याससाहित्य ठेवायची आणि काम जमा करायची ऑनलाइन वर्गाची प्रणाली, बसवून घेतलं. गेल्या महिन्यात त्यात फक्त ४६ जण आले, म्हणून प्राध्यापक सगळं साहित्य व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकतात. प्राचार्यांचं मत, मूडल जुनाट झालंय, पैसे भरून नवं अ‍ॅप घेऊ. बाई विचारतात : 'पोरांना गोडीच नाही. ग्रुप बंद करून मूडलची सक्ती करू, का नवं अ‍ॅप घ्यायला होकार देऊ? आणि रात्री साडेअकरापर्यंत फोन येत असतात, त्याचं काय?'

ताई,

गोडी नाही हे निदान जरा घाईनं झालंय. जी पीडीएफ मूडलवर आहे तीच ग्रुपवर मिळत असेल, तर शहाणा माणूस मूडल उघडायच्या भानगडीत कशाला पडेल? ४६ हा आकडा अभ्यास करणाऱ्यांचा नाही, ज्यांना मूडल उघडता आलं आणि उघडायची गरज पडली त्यांचा आहे. उरलेले ८२ जण काय करतात हे त्यावरून कळत नाही.

म्हणून सक्तीचं पत्रक काढण्याआधी तासभर काढा आणि त्या ८२ जणांची विभागणी करा. मूडलमध्ये प्रत्येक कोर्सच्या 'पार्टिसिपंट्स' यादीत शेवटचं कधी आले हे दाखवणारा रकाना असतो. काहींच्या पुढं 'नेव्हर' दिसेल, म्हणजे एकदाही आले नाहीत. काही सुरुवातीला एकदोनदा येऊन थांबलेले असतील. काही नियमित येत होते आणि अलीकडेच बंद झाले असतील. या तिघांची दुखणी वेगळी. पहिल्याला आत येता आलेलं नसतं, दुसरा आत आला पण त्याच्या हाती काही लागलं नाही, आणि तिसऱ्याच्या घरात किंवा कामावर काहीतरी बदललेलं असतं. तिसऱ्याला आधी फोन करा, कारण गळती तिथूनच होते.

फोनवर 'का आला नाहीस' असं विचारू नका. त्याला ठरलेलं उत्तर येतं, 'वेळच मिळाला न्हाई बघा मॅडम.' त्यापेक्षा 'शेवटचं उघडलंस तेव्हा पडद्यावर काय आलं?' असं विचारा. पंधरा जणांना हा एक प्रश्न विचारलात तरी प्राचार्यांपुढं ठेवण्याजोगं काहीतरी हातात येईल.

बहुतेकांचं घोडं पासवर्डापाशी अडलेलं निघेल. मूडल नवं बसवलं की त्यात पासवर्डाचे नियम आधीच लावलेले असतात : किमान आठ अक्षरं, त्यात एक अंक, एक लहान लिपीतलं अक्षर, एक मोठ्या लिपीतलं, आणि वर एक चिन्ह. इंग्रजी कीबोर्डाची सवय नसलेल्या माणसाला फोनवर हे चिन्ह शोधतानाच घाम फुटतो. त्यात आपण पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवतो. तिथं दोन फुल्यांमधला (*) मजकूर ठळक होतो आणि फुल्या गायब होतात. अंडरस्कोरचंही तसंच, अक्षरं तिरकी होतात नि रेघ नाहीशी. विद्यार्थी दिसतो तो पासवर्ड अगदी बरोबर टाकतो आणि तरी आत जाता येत नाही. कॉपी-पेस्ट केला तर शेवटची मोकळी जागाही सोबत येते. कागदावर लिहून दिला तर शून्य आणि ओ, एक आणि एल यांत घोळ.

आता 'पासवर्ड विसरलात?' या दुव्याकडे बघा. तो ईमेल पाठवतो. पण पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, प्रवेशाच्या वेळी सायबर कॅफेवाल्यानं फॉर्म भरताना स्वतःचा ईमेल टाकला असेल, तर पासवर्ड बदलायचा दुवा त्या कॅफेवाल्याच्या पेटीत जाऊन पडतो. ज्यांचा ईमेल स्वतःचा आहे त्यांनाही तो पोहोचला नसेल, तर बसवून देणाऱ्याला विचारा की मूडलमधून ईमेल बाहेर जायची व्यवस्था नीट लावली आहे का, आणि क्रॉनही चालू आहे का. मूडलची मागची बरीच कामं, सूचनांचे ईमेल धरून, या वेळापत्रकावर चालतात आणि ते दर मिनिटाला चालावं असं अपेक्षित आहे. स्वस्तातल्या होस्टिंगवर (भाड्याच्या सर्व्हरवर) हे लावायचंच राहून जातं आणि वर्षभर कुणाच्या ध्यानात येत नाही.

उपाय सोपे आहेत. प्रशासनाच्या सुरक्षा-विभागात जाऊन चिन्हाची आणि मोठ्या अक्षराची अट काढा, त्याबदली लांबी दहा करा. हा नियम सगळ्या साइटला लागतो, तेव्हा तुमचा स्वतःचा प्रशासक-पासवर्ड मात्र आपणहून अवघड ठेवा. युजरनेम म्हणून रजिस्टर नंबर द्या, नाव नको. पाटील आणि जाधव किती आहेत ते तुमच्या हजेरीपटातच बघा. पहिला पासवर्ड जन्मतारीख किंवा मोबाइल नंबर ठेवू नका, तो सगळ्या वर्गाला पाठ असतो. छापील चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात द्या, आणि पहिल्यांदा आत जाणं व पासवर्ड बदलणं हे कॉलेजात, तुमच्या डोळ्यांसमोर, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फोनवर करून घ्या. एका बैठकीला वीस जण, दीड तास. त्याच बैठकीत एक साधी फाईल उतरवून घेणं आणि वहीच्या एका पानाचा फोटो जमा करणं, एवढंच करायला लावा. मूडलची सगळी बटणं दाखवण्याचा मोह टाळा. तरुण पोरांना फोनमधलं सगळं येतं हा आपला लाडका गैरसमज आहे. रील बनवता येणं वेगळं आणि फाईल कुठं उतरली ते शोधता येणं वेगळं.

एक गोष्ट आपल्या सीमाभागातलीच, ती मुद्दाम विचारा. कर्नाटक हे एक दूरसंचार सर्कल (मोबाइल सेवेचा विभाग) आणि महाराष्ट्र-गोवा हे दुसरं. कोल्हापुरात घेतलेलं सिम इकडं कायम रोमिंगवर असतं. सीमेपलीकडच्या शिनोळीला कामाला जाणाऱ्याचा किंवा गोव्याच्या हद्दीजवळच्या कणकुंबीकडच्या विद्यार्थ्याचा फोन कधी पलीकडचा टॉवर पकडतो. फोनमधलं 'डेटा रोमिंग' बंद असेल तर कांड्या भरलेल्या दिसतात, फोन लागतो, पण नेट चालत नाही. 'रेंज आहे पण मूडल उघडत नाही' या तक्रारीत आधी ते बटण बघायचं.

आता जे आत येऊन थांबले त्यांच्याकडे वळू. तुमच्या साहित्याचं वजन किती आहे, कधी मोजलंय? रोजचा डेटा संपला की बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. या वेगानं १० एमबीची फाईल उतरायला सुमारे २१ मिनिटं लागतात. फोननं रंगीत फोटो काढून जोडलेली चाळीस पानांची नोट सहज ६० एमबी भरते, म्हणजे दोन तास, तेही मधे खंड पडला नाही तर. दिवसभर भावाकडं किंवा नवऱ्याकडं असलेला फोन जिला रात्री साडेआठला मिळतो, तिच्या हातात तोपर्यंत हाच वेग उरलेला असतो.

तेव्हा साहित्य आधी हलकं करा. हस्तलिखित नोट्स स्कॅन करायच्याच असतील तर ग्रेस्केल (रंगाऐवजी करड्या छटा) आणि १५० डीपीआय (इंचाला ठिपके) ठेवा. तीच चाळीस पानं साधारण पाच-सहा एमबीत बसतात. पाऊण तासाचं रेकॉर्डिंग १ एमबीपीएसनं केलं तर सुमारे ३४० एमबी होतं. त्याचे दहा-बारा मिनिटांचे तुकडे करा आणि यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवून मूडलमध्ये फक्त दुवा द्या, म्हणजे विद्यार्थ्याला १४४ किंवा २४० असा हलका दर्जा निवडता येतो आणि तुमच्या होस्टिंगवरही भार पडत नाही. शिवाय प्रत्येक तुकड्याचा नुसता आवाज वेगळा द्या. ३२ केबीपीएस मोनो आवाज तासाला साडेचौदा एमबीतच बसतो, वीस मिनिटांचा पाच एमबीच्या आत. टॅलीची एंट्री पडद्यावर बघावीच लागते हे खरं, पण जीएसटीचा एखादा नियम कानानं ऐकूनही समजतो, बसमध्ये उभ्यानं.

फॉन्टचं दुखणं तर फार जुनं. श्रीलिपीत किंवा कृतिदेवात टाइप केलेल्या मराठी नोट्स आणि जुन्या नुडीतल्या कन्नड नोट्स वर्ड फाईल म्हणून पाठवल्या की फोनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण ती अक्षरं मुळात युनिकोड, म्हणजे सगळ्या फोनांना कळणाऱ्या संकेतातली, नसतात, फॉन्ट नसला की उघडी पडतात. पीडीएफ केली तर दिसतात बरोबर, पण शोधता येत नाहीत की कॉपी करता येत नाहीत. कन्व्हर्टरनं युनिकोड करा, आणि नंतर रफार, ऱ्य-ऱ्ह आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. नेमकी तिथंच माती होते.

भाषेचा वाद इथं उकरायचा नाही, पण भाषेची अडचण नाकारून चालत नाही. विद्यार्थी घरी मराठी बोलतो, परिपत्रक कन्नडमध्ये येतं, मूडलचा पडदा इंग्रजी असतो. मूडलला मराठी आणि कन्नड दोन्ही भाषापॅक आहेत. ते बसवले की ज्याला जी हवी ती भाषा त्यानं आपल्या खात्यात निवडायची. जिथं भाषांतर झालेलं नाही तिथं मधेच इंग्रजी शब्द डोकावेल, ते आधीच सांगून ठेवा. सूचना तिन्ही भाषांत लिहायला वेळ नसतो, कबूल. पण प्रत्येक कोर्सच्या तोंडाशी वीस-पंचवीस शब्दांचा तीन रकान्यांचा तक्ता ठेवा : मराठी, कन्नड, इंग्रजी. जमा, नावे, शिल्लक, मुदत, जमा करा, एवढ्यापासून सुरुवात केली तरी पुष्कळ. त्यात 'जमा करा' हे बटण आहे आणि 'जमा' ही हिशेबातली बाजू आहे, हा फरकही तिथंच सांगा, कारण टॅलीच्या वर्गात हा गोंधळ व्हायचाच.

रात्री साडेअकराच्या फोनांकडे येते. ते काय म्हणून येतात हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण रविवारी रात्री बाराची मुदत ठेवली असेल तर दुसरं काय होणार? मूडल ज्या पीएचपी नावाच्या संगणकभाषेवर चालतं त्यात एका फाईलची मूळ मर्यादा २ एमबी असते. होस्टिंगवाल्यानं ती वाढवली नसेल तर कोर्समध्ये तुम्ही काहीही निवडा, सगळ्यांत लहान मर्यादाच लागू होते. फोनच्या कॅमेऱ्याचा एक फोटो ३ ते ५ एमबी. म्हणजे फोटो चढतच नाही, विद्यार्थी पुन्हापुन्हा तेच करत राहतो आणि शेवटी तुम्हाला फोन लावतो. 'अपलोड मॅक्स फाइलसाइझ' २० एमबी आणि 'पोस्ट मॅक्स साइझ' त्याहून थोडी जास्त करून घ्या. दोन्ही वाढवाव्या लागतात, एकच वाढवली तर गाडी पुन्हा अडते.

मग मुदतीचा दिवस बदला. मूडलमध्ये दोन वेगळ्या तारखा असतात. 'ड्यू डेट' उलटली तरी काम घेतलं जातं, फक्त उशीर नोंदला जातो. 'कट-ऑफ डेट'ला दार बंद होतं. या दोन्ही एकच ठेवल्या असतील तर आजच वेगळ्या करा. ड्यू डेट गुरुवारी संध्याकाळी पाच, म्हणजे अडलं तर कॉलेज उघडं आहे. कट-ऑफ त्यानंतर दोन दिवसांनी, आणि जून ते सप्टेंबर चार दिवसांनी. पश्चिमेकडच्या गावांत पावसात हेस्कॉमची लाइट गेली की काही तासांत टॉवरची बॅटरीही संपते, मग विद्यार्थ्याच्या हातात काही उरत नाही. एखाद्याच विद्यार्थ्याची अडचण असेल तर त्याच्यापुरती मुदत वाढवण्याची सोय जमा झालेल्या कामांच्या यादीत त्याच्या नावापुढं आहे. त्यासाठी सगळ्या वर्गाची तारीख हलवायची नाही.

ऑनलाइन चाचणीतही हेच ध्यानात ठेवा. प्रत्येक प्रश्नाला वेगळं पान ठेवलं तर दर वेळी नेट लागतं. पानावर पाच प्रश्न बरे. मूडलच्या अ‍ॅपमधून चाचणी ऑफलाइन सोडवायची सोय आहे, पण चाचणीला वेळेची मर्यादा लावलीत की ती मिळत नाही. गुणांसाठी नसलेल्या सरावाच्या चाचण्यांना घड्याळ लावूच नका. अ‍ॅपच्या मोफत योजनेला काही मर्यादा आहेत, सगळ्या वर्गाला ते घ्यायला लावण्याआधी त्या वाचा.

ग्रुपवर सूड उगवायचं कारण नाही. कामाची वाटणी करा. व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे घंटा, मूडल म्हणजे कपाट. घंटेवर फाईल टांगायची नाही, कपाटातल्या नेमक्या कप्प्याचा दुवा द्यायचा. सुरुवातीचे तीन आठवडे दोन्हीकडं टाका, पण ग्रुपवर एक दिवस उशिरा. नंतर फक्त दुवा. दुवा दाबल्यावर पुन्हा लॉगिन मागतो अशी तक्रार येईलच. फोन स्वतःचा असेल तर ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवायला शिकवा. फोन घरात सामाईक असेल तर साठवू नये, काम झालं की बाहेर पडावं, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगा. आणि साधा ग्रुप मोडून 'कम्युनिटी'चा घोषणा-गट करा. तिथं सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मुलींचे नंबर सव्वाशे लोकांपुढं उघडे ठेवणं आज ना उद्या त्रास देणारच.

संध्याकाळी सातला लाइव्ह तास घेत असाल तर तो सेकंड शिफ्टवाल्याला कधीच मिळणार नाही, तेव्हा त्याची हजेरी धरू नका. हजेरी धरायचीच तर आठवड्याच्या एका छोट्या कामावर धरा. त्या तासाचा उपयोग शिकवण्यापेक्षा शंकांसाठी जास्त होतो.

ज्यांच्याकडं फोनच धड नाही त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. एक, गावच्या ग्रामपंचायतीचं वाचनालय, ज्याला आता अरिवु केंद्र म्हणतात. बऱ्याच ठिकाणी तिथं संगणक आहेत. पण यादीवर भरवसा ठेवू नका, विद्यार्थ्याला प्रत्यक्ष जाऊन वेळ आणि नेट बघायला सांगा. दुसरी वाट, कॉलेजात महिन्यातून एकदा मेमरी कार्ड भरून देणं. ३२ जीबीच्या कार्डात एका सत्राचं हलकं केलेलं सगळं साहित्य आरामात बसतं. जांबोटीपलीकडं केंद्र चालवणाऱ्या वाचकांनी मूडलबॉक्सची माहिती काढावी. रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर मूडल बसतं आणि इंटरनेटशिवाय खोलीभर वायफायवर चालतं. लाइट अचानक गेली तर मात्र त्याचं कार्ड बिघडू शकतं. लहान यूपीएस आणि साहित्याची दुसरी प्रत असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

प्राचार्यांच्या अ‍ॅपबद्दल. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो बेत आहे. नव्या अ‍ॅपलाही लॉगिन लागेल, त्यातही ६० एमबीची पीडीएफ ६० एमबीचीच राहील. त्यांना नाही म्हणण्यापेक्षा एक सत्र मागून घ्या आणि पैसे कुठं लागतील ते सांगा : होस्टिंगची दुरुस्ती, मेमरी कार्डं, आणि वरच्या वर्गातल्या दोन विद्यार्थ्यांना संध्याकाळच्या मदतीचं मानधन. तरीही अ‍ॅप घ्यायचंच ठरलं तर विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारा. साहित्य आणि गुण बाहेर काढून मिळतील का, कोणत्या स्वरूपात? ईमेलशिवाय पासवर्ड बदलता येतो का? ६४ केबीपीएसवर पहिलं पान उघडायला किती वेळ लागतो, इथं बसून दाखवाल का?

त्या दोन मदतनिसांना प्रशासकाचे अधिकार देऊ नका. पासवर्ड बदलणं तुमच्याकडंच ठेवा. त्यांचं काम फोन घेणं, सांगता येईल ते सांगणं आणि वहीत लिहिणं. वहीला सहा रकाने पुरेत : तारीख, रजिस्टर नंबर, फोन कुठला, काय अडलं, काय केलं, सुटलं का. वही शब्दशः लिहायला सांगा. 'टेक्निकल प्रॉब्लेम' असं लिहिलेली नोंद काही कामाची नाही. 'फोटो निवडला की पांढरा पडदा येतो' ही नोंद कामाची. महिन्यानं वही चाळलीत की तेच तेच दोनतीन प्रश्न दिसतील. ते मुळापासून मिटवायचे, प्रत्येकाला नव्यानं उत्तर देत बसायचं नाही.

मदतीसाठी कॉलेजचं वेगळं सिम घ्या, वेळ सोमवार ते शनिवार संध्याकाळी सात ते नऊ. तुमचा स्वतःचा नंबर प्रवेशाच्या माहितीपत्रकातून काढून टाका. नऊनंतर त्या सिमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून जाणारं आपोआप उत्तर असं असू द्या : 'तुमचा निरोप मिळाला. उद्या सातला फोन करू. पडद्याचा फोटो पाठवून ठेवा. काम जमा करायचं राहिलं असेल तर घाबरू नका, शनिवारपर्यंत घेतलं जाईल.' हे शेवटचं वाक्य खरं ठरायला हवं असेल तर कट-ऑफची तारीख आधी बदला, सिम नंतर घ्या.